जिवंत दगडांचा हिवाळा



डिसेंबरच्या २२ तारखेच्या सुमारास, वर्षातला सगळ्यांत लहान दिवस असतो तेव्हा, भर दुपारी शाळेच्या अंगणात एक मीटर लांबीची काठी सरळ उभी करा आणि तिची सावली मोजा. पुण्याच्या आसपास ही सावली ९० सेंटिमीटरच्या जवळपास भरेल, म्हणजे काठीपेक्षा थोडी आखूडच. त्याच दिवशी, तिथल्या मध्यान्ही, लंडनमध्ये कोणी अशीच काठी उभी केली तर तिची सावली सुमारे ३.७ मीटर लांब पडेल. अर्थात सूर्य दिसला तर! कारण त्या दिवसांत तिकडे सूर्याचे दर्शन ही भाग्याची गोष्ट असते.

असे का होते हे गुरुजनांना सांगायला नको. लंडनला त्या दिवशी भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून अवघा १५ अंश वर येतो. पुण्याला तो ४८ अंश वर असतो. उन्हाचा एक हात रुंदीचा झोत पुण्यात जमिनीवर पडला तर तो सुमारे सव्वा हात जागा व्यापतो. लंडनला तोच झोत जवळजवळ चार हात जागेवर पसरतो. जेवण एका माणसाचे आणि पाने मांडली चौघांची, असा प्रकार. त्यात दिवस जेमतेम आठ तासांचा. आपला निदान अकरा तासांचा तरी असतो. शिवाय ऊन तिरपे येते म्हणून हवेच्या जाड थरातून गाळून येते, आणि या सगळ्यावर ढगांचे पांघरूण.

अशा देशात काही हौशी माणसे दक्षिण आफ्रिकेच्या रखरखीत माळावरची, कडक उन्हात वाढलेली चिमुकली झाडे काचघरात सांभाळतात. नुसती सांभाळत नाहीत, दरवर्षी त्यांना फुले आणतात. हे त्यांना कसे साधते, ते आज सांगायचे आहे.

तुम्ही म्हणाल, आमच्या गावात ना काचघर, ना बर्फ. आम्हांला या उठाठेवीचे काय? प्रश्न रास्त आहे. पण उजेड, ऊब आणि पाणी या तिघांचा हिशेब झाड कसा ठेवते, हे उघड्या शेतात चटकन ध्यानात येत नाही, कारण तिथे तिन्ही गोष्टी आभाळाच्या हातात असतात. काचघरात ऊब आणि पाणी माणसाच्या हातात येतात, उजेड मात्र येत नाही. आणि मग माणूस जिथे चुकतो तिथेच झाड मरते. शिवाय आपल्याकडेही उजेडाचा दुष्काळ पडतो, बरं का. तो हिवाळ्यात नाही, पावसाळ्यात पडतो. त्याकडे आपण शेवटी येऊच.

आधी या झाडांची ओळख करून घेऊ. त्यांचे शास्त्रीय नाव लिथॉप्स. ग्रीक भाषेत ‘लिथॉस’ म्हणजे दगड आणि ‘ऑप्स’ म्हणजे चेहरा. दगडासारख्या चेहऱ्याचे, असा त्याचा अर्थ. लोक त्यांना ‘जिवंत दगड’ म्हणतात. आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाशी मात्र यांचा काही संबंध नाही. पूर्ण वाढलेला जिवंत दगड आपल्या सुपारीएवढा, फार तर लिंबाएवढा असतो. खोड जवळजवळ दिसतच नाही. दोन जाड, गुबगुबीत पाने एकमेकांना चिकटलेली, मध्ये एक चीर, आणि बाकी सारे शरीर मातीत गाडलेले. वर दिसतो तो फक्त पानांचा सपाट माथा. त्यावर आसपासच्या खड्यांसारखेच तपकिरी, राखी, पिवळसर ठिपके आणि रेषा असतात. हा माथा म्हणजे एक खिडकी आहे. तिच्यातून ऊन आत झिरपते आणि मातीत दडलेल्या पानाच्या आतल्या भिंतीवर जो हिरवा थर असतो तिथवर पोहोचते. घर जमिनीत आणि झरोका छपराला, अशी ही रचना. मूळच्या माळावर ऊन इतके प्रखर असते की एवढा झरोका पुरतो, आणि बाकीचे अंग भाजण्यापासून वाचते.

विल्यम बर्चेल नावाचा इंग्रज प्रवासी १८११ साली दक्षिण आफ्रिकेत प्रिस्का या भागातून जात होता. खडकाळ जमिनीवरून त्याने एक विचित्र आकाराचा गोटा म्हणून जे उचलले, ते झाड निघाले! पुढे शंभराहून अधिक वर्षांनी, १९२२ साली, लंडनजवळच्या क्यू उद्यानात काम केलेल्या एन. ई. ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने या गटाला लिथॉप्स हे नाव दिले. आज बियांपासून तयार केलेली ही रोपे युरोपात रोपवाटिकेतून सहज मिळतात.

आता मुद्द्याकडे येऊ. उजेड कमी झाला की झाडाचे नेमके काय बिघडते?

झाड उजेडात साखर तयार करते, ही त्याची कमाई. ही कमाई उजेड असेल तेवढाच वेळ चालते. पण खर्च मात्र रात्रंदिवस चालू असतो, कारण झाडही श्वास घेते आणि साखर जाळते. या खर्चाचा संबंध उबेशी आहे. ढोबळ मानाने, ऊब दहा अंश सेल्सिअसने वाढली की श्वसनाचा खर्च दुपटीच्या घरात जातो. म्हणजे ५ अंशांवर असलेले झाड आपण २५ अंशांच्या उबदार खोलीत आणून ठेवले, तर त्याचा खर्च चौपट झाला. आणि कमाई? ती उजेडावर अवलंबून, आणि उजेड तर वाढलेला नाही. दुष्काळी सालात मिळकत चौथाईवर आलेली असताना घरखर्च चौपट करणाऱ्या कुटुंबाची जी गत होईल, तीच या झाडाची होते.

त्यात पाणी दिले की आणखी वाईट. ऊब आणि पाणी मिळाले की झाडाला वाटते, वाढीचे दिवस आले. ते वाढू लागते. पण उजेड नाही, म्हणून उजेड शोधत ताणले जाते. पाने फिकट पडतात, पेशी मोठ्या पण पातळ भिंतीच्या होतात, अंग पुळचट होते. आपण भाजीची रोपे सावलीत टाकली तर ती कशी लांबट आणि लोळणारी होतात, तसेच हे. जिवंत दगडाचा माथा जमिनीसरसा न राहता उंच खुंटासारखा वर येतो. असे एकदा ताणले गेलेले पान पुन्हा कधी आखूड होत नाही. आणि असल्या पुळचट अंगावर बुरशीला घर करायला वेळ लागत नाही.

म्हणजे झाड मरते ते थंडीने क्वचितच. बहुधा ते मायेने मरते. बाहेर बर्फ पडतो आहे, बिचाऱ्याला गारठा लागत असेल म्हणून शेगडी पेटवायची. अंगावर सुरकुत्या दिसतात, बिचारे तहानले असेल म्हणून पाणी घालायचे. या दोन ‘बिचाऱ्यां’नी जितके जिवंत दगड मारले तितके हिमाने मारले नसतील, असे माझे मत आहे.

इथे थोडे थांबून एक आपल्या घरची गोष्ट सांगतो. ही मांसल झाडे श्वासाच्या बाबतीत उलट्या काळजाची असतात. बहुतेक झाडे पानांची रंध्रे दिवसा उघडतात. ही ती रात्री उघडतात, कारण दिवसा उघडली तर रखरखीत उन्हात सगळे पाणी उडून जाईल. रात्री घेतलेला कार्बन वायू ती आम्लाच्या रूपाने पानात साठवतात आणि दिवसा, रंध्रे मिटून, उन्हाच्या मदतीने त्याची साखर करतात. याचा पहिला सुगावा कोणत्या झाडाने दिला असेल? आपल्या पानफुटीने! मद्रास इलाख्यात ईस्ट इंडिया कंपनीचे काम करणारा बेंजामिन हाइन हा वनस्पतिशास्त्रज्ञ पानफुटीची पाने चाखून पाहत असे. सकाळी ती आंबट लागत, दुपारपर्यंत आंबटपणा जाई, संध्याकाळी किंचित कडसर लागत. हे त्याने १८१३ साली एका पत्राने लंडनला कळवले आणि १८१५ साली ते छापले गेले.

शिक्षक बंधुभगिनींनी हा प्रयोग शाळेत जरूर करावा, मात्र मुलांना पाने चाखायला लावू नयेत. पानफुटीचा रस पोटात गेला तर अपाय होऊ शकतो, गुरांनाही तो बाधतो. त्यापेक्षा असे करा. सारख्या वाढीच्या दोन कुंड्या घ्या. सकाळी एक कुंडी उन्हात ठेवा आणि दुसरीवर टोपले पालथे घालून त्यावर जाड काळे कापड टाका. संध्याकाळी दोन्हींची सारख्या वजनाची पाने सारख्याच पाण्यात वाटून, गाळून घ्या. त्यात चुन्याची निवळी थेंबाथेंबाने घालत जा आणि तांबडा लिटमस कागद निळा व्हायला किती थेंब लागतात ते मोजा. टोपल्याखालच्या पानांच्या रसाला जास्त थेंब लागतात. म्हणजे त्याचे रात्रीचे आम्ल तसेच पडून राहिले. उजेड नव्हता, म्हणून त्याची साखर झाली नाही. कणगी रिकामी झाली नाही तर रात्री नवा माल कुठे भरणार? इंग्लंडच्या डिसेंबरात काचघरातल्या झाडांवर जणू असेच एक टोपले पालथे घातलेले असते.

तर मग उपाय काय? कमाई वाढवता येत नसेल तर खर्च कमी करायचा. झाडाला गार ठेवायचे आणि कोरडे ठेवायचे. गार म्हणजे ५ अंश सेल्सिअसच्या आसपास, हिमाच्या जरा वर. कोरडे म्हणजे अगदी कोरडे.

मी इंग्लंडच्या मध्य भागात दोन हिवाळे काढले. तिथे आमच्या शेजारी एक म्हातारबुवा राहत. उमेदीत ते रेल्वेत होते. परसात त्यांचे आठ फूट लांब, सहा फूट रुंद काचघर होते. नोव्हेंबर लागला की ते पाण्याची झारी एका खिळ्याला टांगत आणि तिच्या दांड्याला सुतळीची गाठ मारत. ती गाठ एप्रिल संपेपर्यंत सुटायची नाही. घरातली कोणी मंडळी दया येऊन पाणी घालतील, म्हणून ही गाठ! त्यांच्या कुंड्या जानेवारीत पाहिल्या तर सगळे दगड सुरकुतलेले, मलूल, मेल्यासारखे. मे महिन्यात पाहावे तर टवटवीत.

या सुरकुत्यांमागे काय घडते ते मोठे पाहण्यासारखे आहे. जिवंत दगडाला शरद ऋतूत, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, मधल्या चिरेतून पिवळे किंवा पांढरे फूल येते, शेवंतीसारखे. फूल गेले की जुन्या दोन पानांच्या पोटात, बाहेरून न दिसता, नवी दोन पाने तयार होऊ लागतात. त्यांना लागणारे पाणी आणि अन्न ती जुन्या पानांतूनच ओढून घेतात. जुनी पाने हळूहळू आटतात, सुरकुततात, शेवटी कागदासारखी पातळ होतात, आणि ती फाडून वसंतात नवी जोडी बाहेर येते. आई आटून लेक उभी राहते म्हणा ना. म्हणजे हिवाळ्यात जे सुकताना दिसते ते सुकणे नाही, देणे आहे. अशा वेळी आपण पाणी घातले तर जुनी पाने ते पिऊन पुन्हा फुगतात, आटायचे थांबतात, आणि नवी पाने आत कोंडली जातात. मग एकावर एक दोन जोड्या तशाच राहतात. पुष्कळदा जुनी जोडी पुढे सडते आणि नवीलाही घेऊन जाते.

म्हणून पाणी द्यायचे कधी, हे पंचांग पाहून नव्हे, जुन्या पानाला बोट लावून ठरवायचे. ते कागदासारखे कोरडे झाले, की पहिले पाणी. इंग्लंडात ही वेळ बहुधा एप्रिलच्या अखेरीस किंवा मे महिन्यात येते. मग कुंडी पूर्ण भिजेल असे पाणी द्यावे आणि माती खडखडीत वाळेपर्यंत पुन्हा देऊ नये. ऐन उन्हाळ्यात, जुलैच्या सुमारास, झाड थोडे विसावते, तेव्हा हात आखडावा. ऑगस्टच्या मध्यापासून फुले येईपर्यंत पुन्हा बेताने पाणी, ऑक्टोबरात कमी, आणि मग झारी खिळ्याला.

एक अपवाद मात्र सांगितला पाहिजे. बियांपासून उगवलेली पहिल्या वर्षाची रोपे राईच्या दाण्याएवढी असतात. त्यांच्या अंगात साठा तो किती असणार? त्यांना पहिल्या हिवाळ्यात अगदी कोरडे ठेवले तर ती मरतात. त्यांना अधूनमधून थोडा ओलावा लागतो, आणि त्यासाठी थोडी ऊब आणि जास्त उजेडही. म्हणून जाणती माणसे बी वसंत ऋतूतच पेरतात. हिवाळ्यापर्यंत रोपांना अंग धरायला वेळ मिळतो.

कुंडीतली माती निम्म्याहून अधिक भरड वाळू आणि बारीक खडी अशी असावी. शेणखताचा सोस इथे नको. खत जास्त झाले की तोच पुळचटपणा येतो. कुंडी थोडी खोल घ्यावी, कारण झाड सुपारीएवढे असले तरी मूळ चांगले वीतभर जाऊ पाहते.

आता खुद्द काचघराकडे वळू. उजेड आपल्या हातात नाही असे मी म्हटले, पण आहे तेवढा वाया न घालवणे तरी आपल्या हातात आहे. उन्हाळ्यात ऊन सोसवेना म्हणून काचेवर चुन्याचा हात दिलेला असतो, तो ऑक्टोबरच्या आधीच धुऊन काढायला हवा. काचेवर वर्षभराची धूळ, शेवाळ, पक्ष्यांची घाण साचलेली असते. स्वच्छ काच तिच्यावर सरळ पडणाऱ्या उजेडातला सुमारे नऊ दशांश भाग आत सोडते. मळकट काच किती सोडेल? त्याचा काही नेम नाही. एक बादली साबणाचे पाणी आणि एक फडके, यांनी जेवढा उजेड मिळतो तेवढा स्वस्त उजेड दुसरा नाही. काचघर नव्याने बांधायचे असेल तर त्याची लांब बाजू दक्षिणेकडे तोंड करून ठेवावी, म्हणजे खाली उतरलेला हिवाळी सूर्य पूर्ण अंगावर घेता येतो. जवळच्या भिंतीची किंवा सदापर्णी झाडाची सावली डिसेंबरात कुठवर येते हे आधीच पाहून ठेवावे. आपण पाहिले तशी, मीटरभर उंचीची सावली पावणेचार मीटरपर्यंत जाते!

गारठा फारच वाढला तर थोडी शेगडी लागतेच. पण रॉकेलची शेगडी बंद काचघरात पेटवू नये. एक लिटर रॉकेल जळले की त्यातून सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने हवेत येते. रात्रभर ती जळली की सकाळी काचा आतून घामेजलेल्या आणि कुंड्यांवर टपटप थेंब. म्हणजे झारी खिळ्याला टांगली आणि पाणी शेगडीने घातले! विजेची छोटी शेगडी परवडत असेल तर ती बरी. आणि दिवसा जरा हवा कोरडी दिसली की वरचे झरोके उघडावेत, थंडी असली तरी. कोंदट ओली हवा ही कोरड्या थंडीपेक्षा वाईट.

विजेच्या दिव्यांचा प्रश्न हल्ली सगळेच विचारतात. एलईडी दिवे आल्यापासून ते सोपे झाले आहे हे खरे. कमी विजेत पुष्कळ उजेड मिळतो आणि झाड भाजत नाही. पण दिवा जवळ हवा, वीत-दीड वीत अंतरावर. लहान दिव्याचे अंतर दुप्पट केले की उजेड चौथाईवर येतो. आढ्याला टांगलेला दिवा माणसाला वाचायला पुरतो, झाडाला जेवायला पुरत नाही. दिवसातून बारा तास दिवा, मग पूर्ण अंधार. रात्र त्यांना हवीच असते, हे पानफुटीने आपल्याला सांगितलेच आहे. माझ्या मते दिवे रोपांसाठी ठेवावेत. मोठ्या जिवंत दगडांना हिवाळा झोपून काढू द्यावा.

हिवाळा सरताना आणखी एक धोका असतो आणि त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. चार-पाच महिने अंधूक उजेडात काढलेल्या झाडावर मार्च-एप्रिलात एकदम लख्ख ऊन पडते. काचघर बंद असेल तर आत दुपारी ३० अंशांवरही पारा जातो, आणि ज्या झाडांनी हिम सोसले ती एका दुपारी भाजून निघतात; माथ्यावर पांढरा डाग पडतो तो कायमचा. म्हणून पहिले काही दिवस दुपारपुरता वर्तमानपत्राचा कागद किंवा पातळ जाळी टाकावी आणि दारे उघडी ठेवावीत.

सगळ्याच मांसल झाडांना हा एक नियम लावू नका, बरं का. युरोपात घराच्या छपरावर वाढणारी सेंपरव्हिवम नावाची गुलाबाच्या आकाराची झाडे आहेत. त्यांना काचघरच नको. ती बर्फाखाली सुखाने राहतात. शार्लमेन राजाच्या काळात, सुमारे बाराशे वर्षांपूर्वी, राजाच्या मळ्यातल्या माळ्याने हे झाड आपल्या घराच्या छपरावर लावावे असा हुकूमच होता. हावर्थिया नावाची झाडे मूळची झुडपांच्या आडोशाला वाढणारी, त्यांना अंधूक उजेड बराच सोसतो. ज्याला खिडकीपुरतीच जागा आहे त्याने त्यांच्यापासून आरंभ करावा.

उलट टोकाला तुळस. तिकडच्या आपल्या मराठी घरांतून हिवाळ्यात तुळस जगवण्याची केवढी धडपड चालते! पण तुळस मांसल झाड नाही, तिच्या अंगात साठा नाही, आणि गारठा तिला मुळीच सोसत नाही. तिला गार आणि कोरडे ठेवा असे सांगितले तर ती आठवडाभरात जाईल. तिला ऊब, थोडे पाणी आणि त्या दोहोंना पुरेल एवढा दिव्याचा उजेड, तिन्ही द्यावे लागते. खर्च कमी करता येत नसेल तिथे कमाई वाढवणे हाच मार्ग उरतो.

या काचघरांतून एक पाहुणे आपल्या सह्याद्रीचेही आहे. शिंदळ माकुडी हे नाव शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड या भागांतल्या काही श्रोत्यांनी ऐकले असेल. कड्याच्या भेगांत वाढणारे, जाड गुळगुळीत फांद्यांचे हे छोटे झाड जगात फक्त महाराष्ट्रात आपसूक वाढते. डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६४ साली त्याचे वर्णन केले आणि मुंबईचे त्या वेळचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून त्याला फ्रेरिया इंडिका हे नाव दिले. पावसाळ्यात त्याला पाने येतात, मागोमाग तांबूस-जांभळी, पिवळ्या नक्षीची चांदणीसारखी फुले येतात. पाऊस गेला की पाने गळतात आणि नुसत्या हिरव्या फांद्या पुढचा पावसाळा येईपर्यंत तग धरतात.

आता गंमत पाहा. जिवंत दगड विषुववृत्ताच्या पलीकडचा. त्याच्या मायदेशी उन्हाळा असतो तेव्हा इंग्लंडात हिवाळा. तिकडे आल्यावर त्याला आपले सारे वर्ष सहा महिन्यांनी फिरवून घ्यावे लागते. मायदेशी मार्च-एप्रिलच्या सुमारास फुलणारा तो इथे सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलतो. आपल्या शिंदळ माकुडीला ही कसरत करावी लागत नाही. आपला पावसाळा तोच त्यांचा उन्हाळा, म्हणून तिच्या वाढीच्या दिवसांत तिला तिथे भरपूर उजेड मिळतो. आणि उजेडाचा दुष्काळ पडतो तेव्हा ती तशीही पाने टाकून बसलेली असते. फक्त ५ अंशांचा गारठा तिला चालत नाही. तिला १२ ते १५ अंशांची ऊब ठेवावी लागते, आणि पाणी जवळजवळ बंद. फांदीचा छाट सहज मुळे धरतो, त्यामुळे एका झाडाची अनेक होतात. म्हणूनच हे दुर्मिळ झाड कड्यावरून उपटून आणण्याचे काहीच कारण नाही. गडावर सहल नेणाऱ्या गुरुजींनी मुलांना ते दुरून दाखवावे आणि तिथेच राहू द्यावे.

आता आपल्या दारातल्या कुंड्यांविषयी. निवडुंगाची, कोरफडीची किंवा बाजारातून आणलेल्या लहान मांसल झाडांची हौस असणाऱ्या पुष्कळांचा अनुभव असा, की झाड उन्हाळ्यात उत्तम असते आणि श्रावणात मऊ पडून जाते. दिवस तेरा तासांचा, पण आभाळ आठ-आठ दिवस उघडत नाही. उजेडाची तीच टंचाई. इंग्लंडातल्या माणसाला दोन उपाय होते, गार ठेवणे आणि कोरडे ठेवणे. आपल्याला जुलैत हवा गार करता येत नाही. रात्रीही ती वीस-पंचवीस अंशांच्या घरात असते आणि झाडाचा खर्च चालूच राहतो. म्हणजे आपल्या हातात एकच उपाय उरला, पाणी. तेव्हा तो तिकडच्यापेक्षाही कडकपणे पाळायला हवा. मृगाच्या आधीच कुंड्या पत्र्याच्या किंवा पारदर्शक प्लॅस्टिकच्या छपराखाली घ्या, पण पत्र्यापेक्षा प्लॅस्टिक बरे, कारण उजेड अडत नाही. छपराच्या चारी बाजू मोकळ्या ठेवा. कुंड्या विटांवर उचलून ठेवा, एकमेकींना खेटून ठेवू नका. माती आतपर्यंत वाळल्याशिवाय पाणी नाही, आणि दिले तर उघाडीच्या दिवशी सकाळी. जिवंत दगड मात्र कोकणात किंवा घाटमाथ्यावर लावण्याच्या भरीस पडू नका. तिथली उबदार ओली हवा त्यांना मानवत नाही. देशावरच्या कोरड्या भागात करून पाहायला हरकत नाही.

आणि तिकडच्या एप्रिलसारखाच आपला ऑक्टोबर. घटस्थापनेच्या आसपास आभाळ निवळले की सगळ्या कुंड्या एकदम उन्हात काढू नका. पहिले आठ-दहा दिवस फक्त सकाळचे ऊन द्या, दुपारी वर एखादी जुनी साडी ताणून बांधा. मग साडी काढा, आणि त्यानंतर दोन दिवसांनी पहिले भरपूर पाणी घाला.